एकच शर्यत जिंकली, तरी चॅम्पियन! २००३ चा नॅस्कार सीझन आणि आपल्या दुकानाची वही



मागच्या व्हिडिओत अमेरिकेतल्या कार रेसिंगचं एक उदाहरण मी घाईघाईत सांगून पुढे गेलो. त्यावर बऱ्याच जणांचे फोन आले. "सर, एक शर्यत जिंकणारा चॅम्पियन आणि आठ जिंकणारा सहावा, हे कसं काय?" बारा मिनिटांच्या व्हिडिओत हे बसत नाही. म्हणून इथे निवांत लिहितो. चहा घेऊन बसा, थोडा हिशोब आहे.

आधी हे उदाहरण निघालं कुठून, ते सांगतो. तुळजापूरला आपलं एक छोटं शिबिर झालं होतं. तिथे मंदिराच्या रस्त्यावर पूजा साहित्य आणि बांगड्यांचं दुकान चालवणारं एक जोडपं आलं होतं. दादा म्हणाले, "सर, आमचं वर्ष म्हणजे नवरात्राचे नऊ दिवस आणि पुढची पौर्णिमा. बाकी दिवस दुकान उघडलं काय, नाही उघडलं काय, सारखंच." वहिनी शेजारी बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की घरचा हिशोब त्याच बघतात.

त्या दिवशी मला दादांना नीट उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर आठवला तो २००३ चा सीझन.

आता नॅस्कार म्हणजे काय ते बघू. स्टॉक कार म्हणजे शोरूममध्ये मिळते तशी गाडी. १९४८ मध्ये बिल फ्रान्स नावाच्या माणसाच्या पुढाकाराने फ्लोरिडातल्या डेटोना बीचला ही संस्था उभी राहिली, तेव्हा रस्त्यावर चालणाऱ्याच गाड्या पळवायच्या अशी कल्पना होती. २००३ पर्यंत गाडी वरून तेवढी फोर्ड-शेवरले दिसायची. आतून ती पूर्ण रेसिंगसाठी बांधलेली, लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि त्यात मोठं आठ सिलिंडरचं इंजिन. आणि गंमत बघा, एवढ्या श्रीमंत खेळात तेव्हाही कार्बोरेटरच होता. आपल्या जुन्या स्कूटरला असायचा तोच प्रकार!

आपल्याला शर्यत म्हटलं की बैलगाडा आठवतो. एका दिवसात फायनल, पहिला आला तो राजा, संध्याकाळी गुलाल आणि विषय संपला. नॅस्कारच्या मोठ्या चॅम्पियनशिपचं तसं नाही. फेब्रुवारीत डेटोनाला सुरुवात होते आणि नोव्हेंबरपर्यंत चालतं. २००३ मध्ये एकूण ३६ शर्यती होत्या. जवळजवळ दर रविवारी एक शर्यत, दर वेळी ४३ गाड्या. प्रत्येक शर्यतीचे गुण मिळायचे, आणि वर्षाच्या शेवटी ज्याची बेरीज जास्त तो चॅम्पियन व्हायचा.

गुण कसे मिळायचे, हे नीट बघा. सगळी मेख इथेच आहे. ही पद्धत १९७५ पासून चालू होती. बॉब लॅटफर्ड नावाच्या माणसाने ती बसवली होती. पहिल्याला १७५, दुसऱ्याला १७०, तिसऱ्याला १६५. सहाव्यापर्यंत पाच-पाच कमी, अकराव्यापर्यंत चार-चार, आणि त्यापुढे तीन-तीन. म्हणजे दहाव्याला १३४ आणि शेवटच्या, ४३व्याला ३४. वर थोडा बोनस: शर्यतीत एक फेरी जरी सगळ्यांच्या पुढे राहून काढली तरी ५, सगळ्यात जास्त फेऱ्या पुढे राहिलात तर आणखी ५. जिंकणाऱ्याला जास्तीत जास्त १८५.

आता कागद-पेन घ्या. एका ड्रायव्हरने एक शर्यत दणक्यात जिंकली, १८५. पुढच्या रविवारी इंजिन गेलं, ४०वा आला. ४०व्याचे गुण ४३. बेरीज २२८. दुसरा ड्रायव्हर दोन्ही रविवारी सोळावा आला. सोळावा! पेपरात नाव नाही, टीव्हीवर तोंड नाही. सोळाव्याचे गुण ११५, दोन्हींचे मिळून २३०.

सोळावा आलेला माणूस दोन गुणांनी पुढे!

मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा चूक झाली असं वाटून परत बेरीज केली होती. तुम्हीही करून बघा.

तर २००३ मध्ये झालं असं. रायन न्यूमन नावाचा तरुण ड्रायव्हर होता. पर्ड्यू विद्यापीठाचा इंजिनीअर. त्या वर्षी त्याने ८ शर्यती जिंकल्या, त्याच्याएवढ्या दुसऱ्या कोणीच जिंकल्या नाहीत. सगळ्यात पुढून सुरुवात करायचा मान त्याला ११ वेळा मिळाला. आणि वर्षाची सुरुवात कशी झाली? डेटोनाच्या पहिल्याच मोठ्या शर्यतीत गाडी कोलांट्या खात गेली. जिंकायचा तेव्हा सगळ्यांना धुवायचा, पण बऱ्याच शर्यतींत शेवटच्या फेरीपर्यंत पोचायचाच नाही. वर्षअखेर त्याचे गुण ४७११, नंबर सहावा.

मॅट केन्सेथने ३६ पैकी फक्त एक शर्यत जिंकली. २ मार्चला लास वेगासला, सीझनची तिसरीच शर्यत. पुढच्या रविवारी तो गुणांच्या यादीत वर गेला आणि शेवटपर्यंत खाली उतरला नाही. वर्षभरात २५ वेळा तो पहिल्या दहात होता. एकूण गुण ५०२२. दुसरा आलेला जिमी जॉन्सन ९० गुणांनी मागे. ५०२२ ला ३६ ने भागा, साधारण १३९ येतात. म्हणजे गुणांच्या हिशोबाने प्रत्येक रविवारी नववा आल्यासारखं. नववा येणारा माणूस देशाचा चॅम्पियन! शेवटच्या आधीच्या शर्यतीतच किताब पक्का झाला. शेवटच्या शर्यतीत इंजिन बंद पडलं आणि तो ४३वा आला, तरी फरक पडला नाही. वर्षभराची शिल्लक होती ना.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. आदल्या वर्षी, २००२ मध्ये, सगळ्यात जास्त शर्यती कोणी जिंकल्या होत्या? याच केन्सेथने. पाच. आणि वर्षाच्या यादीत तो होता आठवा. त्याच माणसाने पुढच्या वर्षी विजय पाचावरून एकावर आणला आणि चॅम्पियन झाला. ड्रायव्हर तोच, टीमचा मुख्य माणूस रॉबी रायझरही तोच. (हा रायझर स्वतः आधी ड्रायव्हर होता, विस्कॉन्सिनच्या ट्रॅकवर केन्सेथचा प्रतिस्पर्धी. पुढे त्यानेच केन्सेथला आपल्या गाडीवर घेतलं. आपल्याकडे समोरच्या दुकानातला चांगला माणूस आपण कामाला घेऊ का? जाऊ दे, तो वेगळ्या व्हिडिओचा विषय.) बदललं ते हे की गाडी बंद पडून वाया जाणारे रविवार कमी झाले. गाडी दहावी पळत असेल तर ती दहावीच घरी आणायची, पाचवी करण्याच्या नादात भिंतीवर घालायची नाही.

गाडीवर जाहिरात होती डिवॉल्टची. हो, ड्रिल मशीनवाली पिवळी-काळी डिवॉल्ट, आपल्या हार्डवेअरच्या दुकानात टांगलेली असते तीच. मला ते फार शोभून दिसतं.

आता माझं सांगतो. ट्रेनिंगच्या कामात येण्याआधी धाराशिवला माझं रेडीमेड कपड्यांचं दुकान होतं. मी शंभर टक्के न्यूमन होतो. दिवाळीला दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. लग्नसराईत तर गल्ला मोजायला रात्रीचे बारा वाजायचे. मी गावभर सांगायचो, "या दिवाळीला एवढा धंदा झाला." पण जून-जुलैत काय व्हायचं? मृगाचा पाऊस पडला की गिऱ्हाइकाचा पैसा बी-बियाणं आणि खतात जातो, कपडे कोण घेणार? आणि मी त्याच महिन्यांत दुपारी दुकान बंद करून मित्रांकडे जाऊन बसायचो. भाडं चालू, पोराचा पगार चालू, व्याज चालू. दिवाळीच्या मालासाठी काढलेलं कर्ज फेडायला पुढच्या दिवाळीची वाट. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर मुसळधार पाऊस झाला, सोयाबीन शेतातच भिजलं आणि बाजार बसला. माझा हुकमी विजय हातचा गेला. आणि खाली बाकीच्या शर्यतींचे गुण म्हणाल तर काहीच नव्हते. होलसेलवाल्याने उधारी थांबवली. चार महिन्यांत शटर ओढलं. बायकोच्या पाटल्या सोडवायला तीन वर्षं लागली.

त्यामुळे तुळजापूरचे दादा "बाकी दिवस सारखेच" म्हणाले, तेव्हा माझ्या पोटात कालवलं.

आता कोणी म्हणेल, सर, म्हणजे सीझनला जोर लावायचा नाही का? थांबा. गोष्ट अजून संपली नाही.

केन्सेथ चॅम्पियन झाला आणि अमेरिकेत बरीच कुरकुर झाली. लोक म्हणाले, एक शर्यत जिंकणारा कसला चॅम्पियन? शेवटी शेवटी तर चुरसच राहिली नव्हती, टीव्हीवर बघणार कोण? त्याच सुमारास विन्स्टन ही सिगारेट कंपनी मुख्य प्रायोजक म्हणून बाहेर पडली, १९७१ पासूनचा संबंध संपला, आणि नेक्स्टेल ही मोबाइल फोनवाली कंपनी आली. २००४ पासून नियमच बदलला. पहिल्या २६ शर्यतींनंतर वरचे ड्रायव्हर वेगळे काढायचे, त्यांचे गुण जवळजवळ एकसारखे करून टाकायचे, आणि शेवटच्या १० शर्यतींत खरा फैसला. जिंकणाऱ्याचे गुणही पाचने वाढवले. त्या पहिल्या वर्षी कर्ट बुश फक्त ८ गुणांनी चॅम्पियन झाला.

केन्सेथमुळेच नियम बदलला असं सर्रास सांगतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. १९८५ मध्येही बिल एलियटने ११ शर्यती जिंकल्या होत्या आणि चॅम्पियन झाला तीन जिंकणारा डॅरेल वॉल्ट्रिप. तेव्हा नाही कोणी नियम बदलला. पण ते असो. आपल्या कामाचं एवढंच की गुणांचा तक्ता खेळाडू ठरवत नाही. तुमच्या धंद्याचा तक्ता तुम्ही ठरवत नाही, तुमचं गिऱ्हाईक ठरवतं. भूममधला खवावाला घ्या. त्याच्याकडून पुण्याचा मिठाईवाला रोज माल घेतो. त्याने गणपतीला तिप्पट खवा दिला आणि पुढच्या आठवड्यात दोन दिवस दिलाच नाही, तर मिठाईवाला दुसरा माणूस शोधतो. हा २००३ चा तक्ता. मंडपवाला, बँडवाला, फटाकेवाला यांचं उलट आहे. त्यांचा फैसला शेवटच्या १० शर्यतींतच होतो. लग्नाच्या तिथीला जनरेटर बंद पडला तर वर्षभर वेळेवर आल्याचं कोणी विचारत नाही. आणि त्या दहात उतरायला आधी २६ शर्यतींत टिकावं लागतं, हेही आहेच.

तुळजापूरचं दुकान यातलं कुठलं? मला आधी वाटलं, दुसरं. नवरात्र म्हणजे नवरात्र. पण वहिनींनी वही आणली होती.

आम्ही मग ती वही घेऊन बसलो. वर्षाचे दहा-दहा दिवसांचे तुकडे पाडले. बघा योगायोग, ३६० दिवस, बरोबर ३६ तुकडे. म्हणजे ३६ शर्यती. (उरलेले पाच दिवस सुट्टी समजा.) प्रत्येक तुकड्यापुढे एकच आकडा लिहायचा: गल्ल्यात आलेल्या पैशातून मालाचे पैसे, भाडं, लाइट बिल, पगार आणि व्याज वजा करून हातात काय उरलं. विक्री लिहायची नाही. विक्री म्हणजे नुसता वेग, गाडी घरी आली का ते त्यातून कळत नाही. ज्या तुकड्यात आकडा शून्याच्या खाली, तिथे लाल पेनने फुली. गाडी बंद पडली.

त्यांच्या वहीत नवरात्र आणि कोजागरीचे तुकडे झकास होते. पौषातल्या शाकंभरी नवरात्राचाही बरा होता. आणि लाल फुल्या किती? १९.

मग वहिनी पहिल्यांदा बोलल्या. "सर, मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला गर्दी असतेच. पण आम्ही दुकान उघडतो दहाला. तोवर पहाटेचे लोक दर्शन करून एसटी स्टँडला गेलेले असतात."

दादा बराच वेळ वहीकडे बघत बसले. मग म्हणाले, "पहाटे मी उठत नाही, ही एक भानगड आहे."

पुढे त्यांनी मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा एवढेच दिवस पहाटे पाचला दुकान उघडायला सुरुवात केली. पहाटे वहिनी, नऊनंतर दादा. बाकी काही बदललं नाही, नवा माल नाही, कर्ज नाही. सहा महिन्यांनी वहिनींनी फोटो पाठवला. १८ तुकडे भरले होते, त्यात फुल्या सहा. एकही तुकडा भारी नव्हता, कुठे आठशे उरले, कुठे दोन हजार. नवरात्र अजून यायचं होतं.

तुमची वही काढा. गेल्या वर्षीची नसेल तर आजपासून दहा दिवस मोजा, पहिला तुकडा तिथून सुरू. पुढच्या व्हिडिओत आपण उधारीच्या वहीचं बघू. कारण बऱ्याच जणांच्या लाल फुल्या तिथून येतात, आणि माझ्याही तिथूनच आल्या होत्या.