बंद म्हणजे किती बंद?

मोबाइलवरचे वाय-फायचे बटण आपण दिवसातून कितीदा तरी दाबतो. पडद्यावरचे चित्र फिके पडले की वाय-फाय बंद झाले, असे आपण समजतो. मी कलाशाखेचा बी.ए., उभा जन्म शब्दांच्या संगतीत गेलेला. त्यामुळे यंत्रापेक्षा मला 'बंद' या शब्दाचेच कुतूहल अधिक. दुकान बंद असते तेव्हा कधी कुलूप लागलेले असते, तर कधी शटर अर्धे ओढून मालक आत हिशेब करत बसलेला असतो. फोनमधले 'बंद' यांपैकी कोणते?

फोनच्या पोटात वाय-फायची चिप असते. पुष्कळदा ब्लूटूथही तिच्यातच नांदते. या चिपला बारीक बारीक पाय असतात, त्यांना पिन म्हणतात. काही पिनांतून वीज मिळते, काहींतून माहितीची ये-जा होते आणि एखादी पिन निव्वळ हुकमाची असते. तिच्यावर व्होल्टेज आले की चिप जागी होते, गेले की निजते. हे व्होल्टेज अगदी किरकोळ, साधारण १.८ किंवा ३.३. शेतावरच्या पंपाची सगळी वीज काही स्टार्टरच्या बटणातून वाहत नाही, बटण फक्त इशारा देते. ही पिनही तशीच.

मग हा इशारा देतो कोण? आपले बोट पडद्यावरच्या चित्राला लागते, पण पिनला हात लावण्याचा अधिकार असतो तो कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने लिनक्स नावाचा कर्नल लिहिला. २००८ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनपासून आजच्या अँड्रॉइडपर्यंत सगळे त्याच्यावरच चालतात. या कर्नलमध्ये प्रत्येक उपकरण हाताळणारा एकेक प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात.

आता कोणती पिन कुठे जोडली आहे, हे ड्रायव्हरला कसे कळावे? त्यासाठी 'डिव्हाइस ट्री' नावाचा एक तक्ता असतो. पिनचा क्रमांक त्यात असतो आणि व्होल्टेज चढल्यावर 'चालू' समजायचे की उतरल्यावर, हेही त्यातच लिहिलेले असते. हा एक शब्द चुकला की झाला 'ध' चा 'मा'! चालू म्हणावे तर चिप निजते, बंद म्हणावे तर जागी होते.

जागे करण्यालाही क्रम आहे. आधी वीजपुरवठा, मग सेकंदाला ३२,७६८ ठोके देणारे घड्याळ (आपल्या मनगटी घड्याळातला क्वार्ट्‌झ स्फटिक याच गतीने कंप पावतो), मग हुकमाची पिन, आणि त्यानंतर काही मिलिसेकंद थांबणे. एवढे झाल्यावरच मुख्य प्रोसेसरला चिप दिसते. वीज पूर्ण तोडली होती म्हणून चिपची स्मृतीही कोरी असते, तेव्हा तिचे फर्मवेअर नव्याने भरावे लागते.

एकाच पुरवठ्यावर दोघांचा संसार असला की आणखी एक पेच येतो. वाय-फाय बंद केले म्हणून ब्लूटूथवरचे गाणे मध्येच थांबता कामा नये. म्हणून कर्नल मोजदाद ठेवतो. चाळीतला जिन्याचा दिवा शेवटचा माणूस वर आल्यावर मालवावा, तसा शेवटचा वापर संपला की पुरवठा तुटतो.

माझ्या अभियंता भाच्याने रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर मला 'आरएफकिल' ही आज्ञा चालवून दाखवली. तिच्यात अडवणुकीचे दोन प्रकार दिसतात. एक 'सॉफ्ट', जो सॉफ्टवेअर घालते आणि सॉफ्टवेअरच काढते. दुसरा 'हार्ड', जो प्रत्यक्ष खटक्याने पडतो आणि सॉफ्टवेअरला उठवता येत नाही. सॉफ्टची अट एवढीच की रेडिओने लहरी सोडू नयेत. वीज तोडायची की नाही, ते त्या त्या ड्रायव्हरवर अवलंबून. भाचा म्हणाला, "मामू, हे गप्प बसलंय, पण झोपलंय असं नाही."

त्याचे हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले, कारण प्रश्न नुसत्या बॅटरीचा नाही. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधले वाय-फायचे बटण जोडणी सोडवते, रेडिओ मात्र चालूच ठेवते. तो पुरता बंद करायचा तर सेटिंग्जमध्ये जावे लागते. अँड्रॉइडमध्ये वाय-फाय बंद असतानाही आसपासची नेटवर्क हुंगत राहण्याची सोय आहे. ठावठिकाणा अचूक कळावा, हा तिचा हेतू. दोन्ही गोष्टी कंपन्यांनी लपवलेल्या नाहीत, पण बटण दाबणाऱ्या किती जणांना त्या ठाऊक असतात?

म्हणूनच २०२० मध्ये लोकांच्या हाती आलेल्या पाइनफोनच्या पाठीच्या झाकणाखाली सहा चिमुकले खटके ठेवले आहेत. मोडेम, वाय-फाय-ब्लूटूथ, मायक्रोफोन, कॅमेरे यांना त्यांनी थेट तोडता येते. अशा खटक्यापुढे सॉफ्टवेअरचे काही चालत नाही.

प्रत्येकाने असा फोन घ्यावा, असे माझे म्हणणे नाही. एवढेच सुचवावेसे वाटते, की सेटिंग्जच्या पानावर जाऊन ठावठिकाण्याखालचे 'वाय-फाय स्कॅनिंग' एकदा पाहावे आणि नको असल्यास बंद करावे. बटणावर 'बंद' लिहिले असेल, तर किती बंद हे विचारण्याचा हक्क आपला आहे.