दवाखान्याची भीती आणि आपले शरीर

आपल्या वस्त्यांतली माणसे दवाखान्याला भितात, सुई पाहून हात मागे घेतात, याचे एकच स्पष्टीकरण शिकलेल्या वर्गाने आजवर दिले आहे : अडाणीपणा. हे स्पष्टीकरण मी नाकारतो. भीती ही केवळ डोक्यातली समजूत नसते. ती रक्तात, नाडीत घडणारी क्रिया असते, आणि ती समजून घेतली नाही तर निदान चुकते, माणसाचा अपमान होतो तो वेगळाच.

आधी ही क्रिया पाहू. सुई दिसताच, कधी नुसता स्पिरिटचा वास येताच, मेंदू धोक्याची सूचना देतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. हृदय धडधडते, तळहात घामेजतात, यकृतातली साखर रक्तात उतरते, कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. पळायचे किंवा झुंजायचे असेल तर ही तयारी उपयोगाची. पण इथे हात पुढे करून स्वस्थ बसायचे असते! आकसलेली शीर सिस्टरला सापडत नाही. ती दोनदा टोचते, तिसऱ्यांदा टोचते, वर खेकसते. भीती वाढते, शीर आणखी आकसते.

काहींच्या बाबतीत पुढे उलटेच घडते. साप किंवा उंचीच्या भीतीने माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही, कारण त्याचा रक्तदाब चढलेला असतो. सुई, रक्त, जखम यांच्या भीतीत मात्र तो आधी चढतो आणि मग एकाएकी कोसळतो. व्हेगस नावाची नस हृदयाचा वेग उतरवते, रक्तवाहिन्या सैलावतात, मेंदूला रक्त कमी पडते. डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस खाली पडतो. ही प्रवृत्ती पुष्कळदा घराण्यात चालत येते. तिचा अंगातल्या ताकदीशी संबंध नाही. १४ एप्रिलच्या रक्तदान शिबिरात माझा एक विद्यार्थी असाच पडला. पोरगा तालमीतला, पोटभर जेवून आलेला. शिबिरातल्या डॉक्टरांनी हसत विचारले, "घरी खायला मिळतं ना रे?" प्रश्न त्याच्या प्रकृतीला नव्हता, त्याच्या वस्तीला होता. पोरगा पुन्हा शिबिराकडे फिरकला नाही.

रक्तदाबाची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तिथे गोळ्या ठरतात. इटलीतील मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांच्या धमनीत नळी ठेवून रक्तदाब सतत नोंदला जात होता. डॉक्टर दाब मोजायला खाटेशी आले की वरचा आकडा सरासरी सुमारे २७ ने आणि खालचा सुमारे १५ ने चढे. पुढे १९८७ साली त्यांनीच दाखवले की परिचारिकेने मोजल्यास ही वाढ बरीच कमी असते. म्हणजे समोर कोण उभे आहे, हे शरीर ओळखते. माझी आई जन्मभर शेतमजुरी केलेली. दवाखान्यात तिचा वरचा दाब १७० निघतो, घरी ओट्यावर १३५. त्या दवाखान्यात मोजण्याआधी तिला कुणी बस म्हटलेले नाही.

शरीर हे ओळखायला शिकते कुठे? बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे १९२९ साली छापून आलेले पत्र आहे. बाळंतिणीला तपासायला आलेल्या डॉक्टरने वस्तीत पाऊल टाकले नाही. तिलाच बाहेर आणवले. थर्मामीटर आधी एका मुसलमानाच्या हाती, त्याच्याकडून नवऱ्याच्या, मग तिच्या, आणि त्याच वाटेने परत. हात न लावता न्यूमोनियाचे निदान झाले. ती बाई वाचली नाही. पुढे आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही १९७६ साली मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. त्या दिवसांत दवाखान्याची गाडी आली की माझे आजोबा ज्वारीत दडत. या माणसांना अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी हा इतिहास वाचावा. मात्र भीतीला कारण आहे म्हणून लस वाईट ठरत नाही, हेही कार्यकर्त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. धनुर्वात इतिहास विचारत नाही.

मग करायचे काय? घेरी येणाऱ्याला "अंग सैल सोड" हा सल्ला उपयोगाचा नाही. स्वीडनमधील ओस्ट या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात नेमकी उलटी रीत मांडली. दंड, पोट, मांड्या यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, घट्ट आवळायचे. मग वीस-तीस सेकंद सोडायचे. असे पाच वेळा. त्याने रक्तदाब कोसळत नाही. सुई टोचायचा हात तेवढा ढिला ठेवावा. घेरी येते हे आधीच सांगून आडवे होऊन टोचून घ्यावे. पडलेल्याला खुर्चीत बसवू नये, पाणी पाजू नये. निजवून पाय उंच करावेत.

रक्तदाब मोजताना पाच मिनिटे पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून, न बोलता बसावे. हात छातीच्या पातळीला असावा. एकदा मोजून थांबू नये, पुन्हा मोजावे. घरचे आकडे निराळे येत असतील तर ते तारीखवार लिहून डॉक्टरांपुढे ठेवावेत, पण आपल्या मनाने गोळी बंद करू नये. आईचे आकडे आता मी शाळेच्या जुन्या वहीत लिहितो. ती वही पाहिल्यावर डॉक्टरांनी पहिल्यांदा तिला स्टूल दिले.