जुन्या मोटारींची वार्षिक तपासणी आणि मैलांची नोंद

ब्रिटनमध्ये खासगी मोटार तीन वर्षांची झाली की पुढे दर वर्षी तिची तपासणी करून घेणे मालकावर बंधनकारक असते. ही तपासणी 'एमओटी' या नावाने ओळखली जाते. ज्या परिवहन मंत्रालयावरून हे नाव पडले त्याचे स्वतःचे नाव पुढे बदलले. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच राहिले. १९६० साली योजना सुरू झाली तेव्हा ती दहा वर्षांवरील वाहनांपुरती होती आणि ब्रेक, दिवे व सुकाणू एवढेच पाहिले जाई. वयाची मर्यादा लवकरच सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणण्यात आली.

जुन्या मोटारीस आजचे निकष सरसकट लावले जात नाहीत, ही या पद्धतीतील समंजस बाब होय. १९६५ पूर्वीच्या मोटारीस सुरक्षा पट्टे नसले तरी चालतात. ऑगस्ट १९७५ पूर्वी रस्त्यावर आलेल्या मोटारीचा धूर यंत्राने मोजला जात नाही, नुसत्या डोळ्यांनी पाहिला जातो. गंजलेला सांगाडा किंवा दगा देणारा ब्रेक यांना मात्र वयाची सवलत नाही.

तपासणीच्या दाखल्यावर मोटारीने कापलेले मैल नोंदले जातात, आणि जुन्या मोटारीच्या बाबतीत या आकड्याचे मोल फार असते. जुन्या मैलमापकात बहुधा पाचच आकडे असत. ९९,९९९ मैल पूर्ण झाले की चाके फिरून पुन्हा शून्य येई. त्यामुळे मापकावर ४०,००० दिसत असतील तर मोटार खरोखर तेवढीच धावली की १,४०,००० मैल, हे केवळ मापक पाहून कळत नाही. त्यातच गिअरपेटीकडून मापकाकडे जाणारी तार तुटली तर मोटार धावत राहते आणि आकडा थांबतो. विक्रीपूर्वी मीटर मागे फिरविणारे महाभागही असतातच! अशा वेळी ओळीने लावलेले वर्षावर्षाचे दाखले हाच भरवशाचा पुरावा ठरतो. एका वर्षी ६२,००० आणि पुढल्या वर्षी ४८,००० असे दिसले, की ग्राहकाने प्रश्न विचारावाच. २००५ पासून या नोंदी संगणकावर येऊ लागल्या, आणि आता वाहनाचा क्रमांक देऊन कोणासही त्या पाहता येतात.

२० मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या आणि गेल्या ३० वर्षांत मोठा फेरफार न झालेल्या मोटारींना या तपासणीतून सूट मिळाली. त्यापूर्वी, २०१२ पासून, ही सूट १९६० पूर्वीच्या वाहनांना होती. अशा मोटारी बेताने वापरल्या जातात व मालक त्यांची निगा राखतात, हा त्यामागचा विचार. सुटीने जबाबदारी संपलेली नाही. धोकादायक स्थितीतील वाहन चालविल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तपासणी थांबली की मैलांची साखळीही तेथेच तुटते. म्हणूनच काही मालक सूट असूनही मोटार स्वखुशीने तपासणीस नेतात. तशी मुभा आहे.

आपल्याकडे खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी होऊन ती पाच पाच वर्षांसाठी वाढविली जाते. २०२१ मध्ये केंद्र शासनाने ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जतन केलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. तिची मुदत दहा वर्षे असून ही वाहने नित्याच्या वा व्यापारी कामासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येतात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर यांसारख्या जुन्या संस्थानी शहरांत ज्यांच्या घरी अशी मोटार आहे, त्यांना वार्षिक दाखल्यांची साखळी आयती मिळत नाही. तेल बदलताना वा दुरुस्तीच्या वेळी तारीख, मापकावरील आकडा आणि केलेले काम एका वहीत लिहून खाली कारागिराची सही घेतली, की हे काम घरच्या घरी होते. मापक बदलल्यास जुन्या मापकावरचा शेवटचा आकडा त्याच वहीत टिपावा आणि पावत्या फेकून न देता वहीसोबत ठेवाव्यात.