ई-मेललाही नमुना सही हवी

काउंटरवर चेक आला की आम्ही बँकेतली माणसे आधी सही पाहतो. नाव कितीही सुवाच्य लिहिलेले असो, नमुना सहीशी जुळणी झाली नाही तर चेक परत जातो. ई-मेलच्या बाबतीत मात्र ही दक्षता मुळात नव्हती. १९८२ साली ई-मेल पोहोचविण्याचे जे नियम ठरले, त्यांत पाठविणारा खरा कोण हे पडताळण्याची सोय नव्हती. म्हणून कोणीही दुसऱ्या संस्थेचा पत्ता घालून पत्र धाडू शकतो. शिष्यवृत्तीसाठी ‘नोंदणी शुल्क’ मागणारे असे खोटे पत्र आले, तर पैसे जातात गरजू विद्यार्थ्याचे आणि नाव जाते संस्थेचे.

यावर तीन उपाय आहेत. संस्थेच्या डोमेनच्या डीएनएस नोंदींत, म्हणजे सर्वांना पाहता येणाऱ्या जाहीर वहीत, ते लिहावयाचे असतात.

पहिला एसपीएफ. संस्थेच्या वतीने कोणते सर्व्हर पत्रे पाठवू शकतात, त्यांची ही यादी. परंतु ही तपासणी पाकिटावरच्या पत्त्याची होते; आतल्या पत्रावर वाचकाला दिसणारा पत्ता वेगळा असू शकतो.

दुसरा डीकिम. पत्रावर गुप्त किल्लीने सही होते आणि तिची जोडकिल्ली वहीत जाहीर असते. तीच नमुना सही. वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही.

तिसरा डीमार्क. वरीलपैकी निदान एका तपासणीत उतरलेले डोमेन आणि वाचकाला दिसणारे डोमेन एकच असले पाहिजे, हा त्याचा नियम. तसे नसल्यास काय करावे, हेही संस्थाच सांगते: ‘नन’ म्हणजे काही करू नका, ‘क्वारंटाइन’ म्हणजे संशयितांत टाका, ‘रिजेक्ट’ म्हणजे स्वीकारू नका.

सुरुवात ‘नन’पासूनच करावी. येणारे अहवाल वाचून आपले सर्व खरे सर्व्हर यादीत आले की पुढची पायरी चढावी. ‘नन’वरच थांबणे म्हणजे खोटी सही ओळखूनही चेक वटविणे होय.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० वा अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना गूगलने हे तिन्ही उपाय सक्तीचे केले आहेत. लहान संस्थांनीही ते करून घ्यावेत.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. नावात एखादे अक्षर बदलून घेतलेले डोमेन स्वतःच्या नोंदी व्यवस्थित ठेवून तपासणीत उत्तीर्ण होऊ शकते. २०२५ साली रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना ‘बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन घेण्यास सांगितले, ते ग्राहकाला खरी बँक ओळखता यावी म्हणूनच. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, पैसे मागणारे पत्र आले तर पत्ता अक्षरन् अक्षर वाचा आणि संस्थेच्या आधीपासून ठाऊक असलेल्या दूरध्वनीवर विचारून घ्या.