सांभाळणारा आणि सांभाळलेला

ईश्वराच्या सान्निध्याचा विचार करू लागलो, की आपली दृष्टी देव्हाऱ्याकडे, पोथीकडे अथवा तीर्थक्षेत्राकडे वळते. परंतु ज्या घरात एखादे कुत्रे वा मांजर नांदते, त्या घरात या विषयाचा पाठ उंबरठ्याच्या आतच नित्य चालू असतो, आणि तो मुका असल्यामुळे बहुधा दुर्लक्षित राहतो.

जनावराचे इमान हा त्या पाठाचा सर्वश्रुत भाग होय. जेजुरीच्या खंडेरायाचे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात, दत्तगुरूंच्या चित्रात पायांशी चार श्वान असतात. सेवकभावाची ही मूर्ती आपल्या परंपरेने किती आदराने स्वीकारली आहे, हे त्यावरून ध्यानात येते. तथापि प्राणी पाळणाऱ्यास याहून दुर्मीळ असा एक लाभ घडतो : ज्याचे सर्व जीवित आपल्यावर विसंबून आहे अशा जीवाचे पालन करताना, पालन करणाऱ्याच्या अंतःकरणात काय चालत असेल, याची त्याला अल्पशी प्रचीती येते.

दक्षिणेतील श्रीवैष्णव आचार्यांनी हा संबंध शास्त्रचर्चेचाच विषय केला. रामानुजाचार्यांच्या अनुयायांत पुढे जे दोन पंथ झाले, त्यांपैकी वडकलै पंथाने मर्कटन्याय मानला, तर तेंकलै पंथाने मार्जारन्याय. वानरीचे पिल्लू आईच्या पोटाला स्वबळाने बिलगते. तद्वत भक्तानेही आपल्याकडून यत्न केला पाहिजे. मांजरीचे पिल्लू मात्र, आईने मानगूट दातांत धरताच, मागचे पाय पोटाशी घेऊन निपचित लोंबकळते, आणि नेण्याची सारी जोखीम नेणारीवर पडते. माळ्यावरून कोठीत आणि कोठीतून पुन्हा माळ्यावर अशी पिल्ले हलविणारी मांजरी ज्याने पाहिली आहे, त्याला हा वाद निव्वळ पंडिती वाटणार नाही. कारण ज्या दातांनी ती उंदीर फाडते, त्यांचा ओरखडाही पिल्लाच्या मानेवर उमटलेला नसतो.

जनावरांच्या दवाखान्यात याचाच दुसरा प्रत्यय येतो. सुई पाहून थरथरणारे कुत्रे, ज्याने त्याला तेथे आणले, त्याच धन्याच्या कुशीत तोंड खुपसते. वेदनेचे कारण त्याला कळत नाही आणि ते समजावून देण्याचा उपाय धन्यापाशी नसतो. घरी परतल्यावर भाकरीच्या तुकड्यात दडवलेली गोळी ते शिताफीने वेगळी काढून ठेवते, म्हणजे त्याची तक्रार कायमच असते. पण जवळीक तुटत नाही. आपला अर्ज नामंजूर झाला, की देवाशी अबोला धरणाऱ्या मनुष्याने हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

मात्र या स्नेहात एक धोकाही आहे, आणि भागवताच्या पंचम स्कंधाने तो स्पष्ट सांगितला आहे. राज्यत्याग करून गंडकीच्या तीरी राहिलेल्या भरताने प्रवाहात पडलेले हरिणीचे पाडस वाचविले, ही करुणाच होती. पुढे त्याच्याच चिंतेत नित्यकर्म सुटले, अंतकाळी तेच मनात राहिले आणि त्याला हरिणाचा जन्म आला. उलटपक्षी महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात, सोबत आलेल्या कुत्र्याला मागे टाकून रथात बसण्याची इंद्राची अट युधिष्ठिराने साफ नाकारली, आणि त्या श्वानाच्या रूपात साक्षात धर्मच प्रकट झाला. दिसायला सारख्या मायेचे असे दोन निकाल लागले, याचे कारण उघड आहे : भरताची माया ‘माझे पाडस’ एवढ्यातच गुंतली, युधिष्ठिराने आश्रिताचा त्याग हेच पाप मानले, मग तो आश्रित कोणीही असो, आणि त्यापायी स्वर्गावरही पाणी सोडण्याची तयारी ठेवली.

म्हणून पाळीव प्राण्याने आपल्याला देवाजवळ नेले की नाही, याची पारख त्याच्या लाडकोडावरून होत नाही. म्हातारपणी त्याची दृष्टी जाते, राखणीचे काम सुटते, घाण काढावी लागते आणि मोबदल्याची बाजू कोरी पडते. तेव्हाही ज्याच्या हातून त्याची सेवा पूर्वीच्याच मायेने घडते, आणि भर उन्हाळ्यात रस्त्यावरच्या बेवारशी कुत्र्यासाठीही दाराशी पाण्याचे भांडे ठेवण्याची ज्याला बुद्धी होते, त्याची भक्ती हिशेबातून सुटू लागली, असे खुशाल समजावे.