‘माझ्यात एंडॉर्फिनच बनत नाही बहुतेक!’

माझी रूममेट हे वाक्य बोलली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी इंडक्शनवर मॅगी ढवळत होते. मी चक्क हसले. मग तिच्याकडे पाहिलं आणि हसू गिळलं. ती गंमत करत नव्हती.

झालं असं होतं, की सीए इंटरचा तिचा दुसरा अटेम्प्टही गेला. त्यानंतर महिनाभर बाई पलंगावरून उठेना. मेस नाही, लेक्चर नाही, घरच्यांचा फोन आला की ‘ठीक आहे’ म्हणून ठेवून द्यायचा. मग मी काय केलं? आपण सगळे जे करतो तेच. तिला रील्स पाठवले. ‘रोज अर्धा तास धावा, एंडॉर्फिन रिलीज होतं, मूड एकदम सेट!’ खाली हसणारा मेंदू आणि फटाके. असे सात-आठ तरी पाठवले असतील.

आणि ती खरंच धावायला लागली. रोज पहाटे सहाला टेकडी, तीन आठवडे. (मी सोबत दोनच दिवस गेले, हेही कबूल करून टाकते.) धाप लागली, कुशीत कळ आली, गुडघा दुखला. आनंद काही आला नाही. म्हणून तिने निष्कर्ष काढला, की परीक्षेत नापास, आता एंडॉर्फिनमध्येही नापास.

मला खूप अपराधी वाटलं. आपण मास कॉमवाले, ‘सोर्स तपासल्याशिवाय बातमी द्यायची नाही’ हे पहिल्या सेमिस्टरला घोकलेलं, आणि मैत्रिणीला मात्र न तपासलेली केमिस्ट्री फॉरवर्ड केली. तेव्हा म्हटलं, हे एंडॉर्फिन नक्की आहे तरी काय ते बघू या. बघायला गेले आणि थेट उंटापाशी पोहोचले.

शाळेत ‘पियूषिका ग्रंथी’ पाठ केलेली आठवतेय? मेंदूच्या तळाशी असते ती, वाटाण्याएवढी. इंग्रजीत पिच्युटरी. चो हाओ ली नावाच्या शास्त्रज्ञाने अख्खं आयुष्य या वाटाण्यात घालवलं. जन्म चीनमधला, काम अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठात. १९६४ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेने मेंढीच्या पियूषिकेतून एक नवीन हार्मोन वेगळं केलं. त्याचं नाव लायपोट्रोपिन. माळेत मणी ओवावेत तशी ९१ अमिनो आम्लं एकामागोमाग. चरबीच्या विघटनाशी याचा संबंध असावा असं वाटत होतं, पण फार कुणी दखल घेतली नाही.

लीच्या मनात मात्र चरबी घोळत होती. उंटाच्या शरीराचं चरबीचं गणित बाकी प्राण्यांपेक्षा निराळं, मग त्याच्या पियूषिकेत हे हार्मोन कसं असेल? त्याच्याकडच्या एका इराकी विद्यार्थ्यामुळे उंटांच्या वाळवलेल्या ग्रंथी हाती आल्या. त्या तपासल्या, तर लायपोट्रोपिन जवळजवळ सापडेचना! त्याऐवजी ३१ मण्यांचा एक तुकडा मिळाला. नीट पाहिलं तर तो लायपोट्रोपिनचाच शेवटचा भाग होता, ६१ ते ९१ क्रमांकाचे मणी. चरबीच्या दृष्टीने त्याचा काही उपयोग दिसेना. ठेवून दिला बाजूला.

इथपर्यंत ही एका फसलेल्या प्रोजेक्टची गोष्ट आहे. आपल्या सबमिशनसारखीच.

आता जरा दुसरीकडे. अफूच्या बोंडातून निघणारं मॉर्फिन वेदना मारतं हे जगाला कधीपासूनच माहीत होतं. प्रश्न असा होता, की खसखशीच्या झाडातलं रसायन माणसाच्या मेंदूत इतकं चपखल बसतंच कसं? बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट ही २६ वर्षांची पीएचडीची विद्यार्थिनी आणि तिचे मार्गदर्शक सॉलोमन स्नायडर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं, की मेंदूत मॉर्फिनसाठी खास कुलपं आहेत, म्हणजे रिसेप्टर. न्यूयॉर्क आणि स्वीडनमधल्या गटांनीही त्याच वर्षी ते दाखवलं. मग कुलूप आहे तर किल्लीही शरीराने स्वतःची बनवली असणार ना? अफूच्या भरवशावर कोण बसेल!

ती किल्ली शोधली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनच्या दोघांनी. हान्स कोस्टरलिट्झ हिटलरच्या जर्मनीतून निसटून आलेले, तेव्हा सत्तरीचे. जॉन ह्यूज तिशीतला. हा ह्यूज पहाटे सायकलवर कत्तलखान्यात जाऊन डुकरांचे मेंदू आणायचा, आणि तिथल्या लोकांनी मदत करावी म्हणून सोबत व्हिस्कीची बाटली न्यायचा, असं सांगतात. १९७५ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी जाहीर केलं, की किल्ली सापडली. अवघ्या पाच मण्यांची, नाव एन्केफॅलिन. तिचे दोन प्रकार होते. त्यातल्या एकाचे पाच मणी लायपोट्रोपिनच्या ६१ ते ६५ क्रमांकाच्या मण्यांशी तंतोतंत जुळत होते.

म्हणजे कॅलिफोर्नियात बाजूला पडलेल्या उंटाच्या तुकड्याची सुरुवातच ही होती! लीने तो पुन्हा बाहेर काढला, मॉर्फिनसारखा वागतो का ते तपासलं. वागत होता. प्राण्यांच्या थेट मेंदूत दिला, तर मॉर्फिनपेक्षा कितीतरी पटींनी जोरदार. १९७६ मध्ये ली आणि डेव्हिड चुंग यांचा पेपर आला. या तुकड्याचं नाव बीटा-एंडॉर्फिन. ‘एंडोजिनस’ म्हणजे शरीरात आतच तयार झालेलं, आणि पुढे मॉर्फिन, दोन्ही जोडून एंडॉर्फिन.

जाता जाता एक खटकलेली गोष्ट. १९७८ मध्ये या सगळ्या शोधासाठी लास्कर पुरस्कार मिळाला तो ह्यूज, कोस्टरलिट्झ आणि स्नायडर यांना. पर्टचं नाव नव्हतं. तिने गप्प न बसता पत्र लिहून निषेध केला, बराच गाजावाजा झाला. ग्रुप प्रोजेक्टमध्ये ज्यांचं नाव शेवटच्या स्लाइडवरून गायब झालंय, त्यांनी तिची ‘मॉलिक्यूल्स ऑफ इमोशन’ ही आत्मकथा वाचाच.

तर रूममेटच्या प्रश्नाकडे येते. नावातच मॉर्फिन आहे बघा. हे वेदना दाबणारं रसायन. ‘हॅपी हार्मोन’ हे बिरुद रील्सनी लावलंय. त्याचा जन्म कुठे होतो ते पाहिलं तर आणखी मजा आहे. पियूषिकेत आधी एक लांबलचक प्रथिन बनतं. शरीरातल्या कात्र्या ते कापतात. एका तुकड्यातून एसीटीएच नावाचं हार्मोन निघतं, जे कॉर्टिसोलला कामाला लावतं. दुसऱ्या तुकड्यातून लायपोट्रोपिन, आणि त्यातून एंडॉर्फिन. ताण आला की एसीटीएच आणि एंडॉर्फिन बरोबरच रक्तात सुटतात, हे १९७७ मध्येच उंदरांवर दिसलं होतं. रील्समध्ये कॉर्टिसोल व्हिलन आणि एंडॉर्फिन हिरो असतो. प्रत्यक्षात कॉर्टिसोलला हाक मारणारं हार्मोन आणि एंडॉर्फिन ही सख्खी भावंडं, एकाच घरातली! संकट आलं की दोघंही धावत येतात.

अक्कलदाढ काढलेल्यांसाठीही एक किस्सा आहे. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अक्कलदाढ काढलेल्या पेशंटांवर प्रयोग झाला. खोटं औषध दिलं तरी काहींचं दुखणं कमी झालं, तो प्लासिबो इफेक्ट. पण मॉर्फिनची कुलपं अडवणारं नॅलोक्झोन दिल्यावर त्यांचं दुखणं परत वाढलं. म्हणजे ‘मनाचे खेळ’ म्हणून आपण ज्याला उडवून लावतो, त्यामागेही शरीरातलं हे घरगुती मॉर्फिन असू शकतं.

आणि धावणं? धावल्यावर रक्तातलं एंडॉर्फिन वाढतं, हे खरंय. गोची अशी, की रक्तातलं एंडॉर्फिन सहजासहजी मेंदूत शिरत नाही, मध्ये पक्का बंदोबस्त असतो. २००८ मध्ये जर्मनीत दहा धावपटूंचे मेंदू स्कॅन केले, तेव्हा ती कुलपं मेंदूतल्याच एंडॉर्फिनसारख्या रसायनांनी व्यापल्याच्या खुणा दिसल्या. पण ही माणसं सरावलेली होती आणि दोन तास धावून आली होती! अर्धा तास धापा टाकणारी आपण मंडळी त्यात कुठे?

त्याहून मोठा धक्का २०२१ चा. तोही जर्मनीतलाच प्रयोग. धावण्याआधी काहींना मॉर्फिनची कुलपं अडवणारी गोळी दिली आणि काहींना खोटी. कुलपं बंद असूनही धावल्यावरचा तो छान वाटण्याचा अनुभव येतच राहिला. म्हणजे धावपटूंच्या ‘हाय’चं श्रेय एंडॉर्फिनला द्यायला फारसा आधार उरत नाही. आता संशय आहे शरीरातल्या गांजासदृश रसायनांवर. त्यातल्या एकाचं नाव माहितीये? आनंदामाइड! जेरुसलेममधल्या संशोधकांनी १९९२ मध्ये संस्कृतमधला आपला ‘आनंद’ उचलला आणि त्याला लावला. आनंद इथला, बारसं तिकडे.

व्यायामाने उदासी कमी व्हायला मदत होते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. त्यामुळे धावू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण ते बटण नाहीये, की दाबलं आणि दिवा लागला. टेकडीवर पहाटे पोलीस भरतीची मुलंही असतात. १६०० मीटरचा टाइम मारायला जीव तोडून पळतात. त्यातल्या एकाला मी विचारलं, पळाल्यावर भारी वाटतं का? तो म्हणाला, ‘‘कसलं भारी ताई, उलटी येते. टाइम बसला तर भारी वाटतं.’’

हे सगळं मी रूममेटला एका रात्रीत सांगितलं. पुरस्काराच्या भांडणात तिला रस नव्हता, उंटाची गोष्ट मात्र दोनदा सांगायला लावली. ‘‘म्हणजे माझ्यात काही बिघडलेलं नाहीये ना?’’ असं तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, एंडॉर्फिनचं तरी नाही, पण महिनाभर झोप नाही, जेवण नाही, हे रीलवरचं काम नाही, कुणाला तरी दाखवू या. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी कौन्सेलरकडे गेलो. मी बाहेर बाकावर बसले. ती पाऊण तासाने आली तेव्हा डोळे सुजलेले होते आणि तिला भूक लागली होती.

आता ती दर गुरुवारी तिथे जाते. टेकडीवरही जाते, पण धावत नाही, चालते, आणि मनात आलं तरच. परवा सकाळी परतली ती चेहऱ्यावर बऱ्यापैकी तजेला घेऊन.

‘‘काय गं, आनंदामाइड?’’ मी पांघरुणातूनच विचारलं.

‘‘नाही गं,’’ ती म्हणाली, ‘‘खाली टपरीवर पोहे मिळाले गरम. तुझी प्लेट टेबलावर ठेवलीये.’’