गळती कुणाची, खर्च कुणाचा?

आज आपण एका डागाबद्दल बोलणार आहोत. जुलैत छतावर उमटतो, ऑगस्टमध्ये पोपडे पडतात आणि गणपतीपर्यंत दोन घरांचं बोलणं बंद होतं!

डाग माझ्या घरात पडला, मग खर्च कुणी करायचा? सेक्रेटरी म्हणतात, "घराच्या आतलं काम तुमचं तुम्ही बघा." हे उत्तर अर्धंच खरं आहे. आम्ही एवढंच सांगू की डाग कुठे दिसतो हे पाहू नका, पाणी कुठून येतं ते पाहा.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी २०१४चे आदर्श उपविधी आहेत. त्यांत गच्ची, बाहेरच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, सामाईक पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या पाइप यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने करायची, असं म्हटलं आहे. पावसाच्या पाण्याची गळतीही त्यातच येते. आणि पुढचं नीट ऐका. गच्चीतून पाणी झिरपून शेवटच्या मजल्यावरच्या घराचं छत किंवा गिलावा खराब झाला, तर तोही संस्थेनेच दुरुस्त करायचा. म्हणजे घराच्या आतलं कामसुद्धा!

मात्र वरच्या घराची नहाणी, संडास किंवा सिंक गळत असेल, तर खर्च त्या वरच्या सभासदाचा. तिथे संस्थेने पैसे द्यायचे नाहीत, पण हात झटकूनही चालत नाही. नोटीस देऊन पाहणी करायची, कारण शोधायचं, हे कमिटीचं काम आहे. सभासदानेही पाहणीला दार उघडलं पाहिजे.

कारण शोधायचं कसं? गळती फक्त पावसातच वाढते का, की बाराही महिने सारखीच असते? पहिलं असेल तर संशय गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर, दुसरं असेल तर पाइप किंवा बाथरूमवर. खात्रीसाठी वरच्या बाथरूमचा ट्रॅप बंद करून रंगीत पाणी साठवतात. खाली रंग उतरला की वाद निम्मा मिटतो.

काही सभांमध्ये ऐकू येतं, "एका घरासाठी सगळ्यांनी का पैसे मोजायचे?" अहो, गच्ची सगळ्यांची आहे, तिचं पाणी फक्त एकाच्या डोक्यावर पडतं एवढंच! यासाठीच दर वर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी जमवायचा असतो. कोणतं काम, किती खर्चात, हे सभा ठरवू शकते. पण जबाबदारी उपविधींनी आधीच ठरवलेली आहे, तो उपकार नव्हे.

इमारत नवी असेल तर बिल्डरला विसरू नका. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत सदोष कामाची तक्रार केली, तर त्याने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करून द्यायची असते.

मग आज काय करायचं? तारखेसह फोटो काढा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आपल्या संस्थेचे नोंदणीकृत उपविधी मागून वाचा. अपार्टमेंट असोसिएशन असेल तर डीड ऑफ डिक्लरेशन वाचा. रागाने मेंटेनन्स थांबवू नका, उलट तुम्हीच थकबाकीदार ठराल. काहीच हललं नाही, तर कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे. पण त्याआधी एकदा वरच्या मजल्याची बेल वाजवा. बऱ्याचदा वरच्यांना खालचा डाग दिसलेलाच नसतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.